सेहेचाळीस कापीचालमाझ

आमच्या यनिजेबेल गावात सगळ्यात दुर्मिळ आडनाव कुणाचं, असा वाद कधी निघालाच तर तो दोन मिनिटांत मिटायचा. यिल्माझ पैशाला पासरी. देमिर आणि काया तर गल्लीगल्लीत. कापीचालमाझ मात्र एकच घर. अर्थ सरळ आहे, 'दार न ठोठावणारा'. आता आमच्या तुर्की भाषेत दार ठोठावणं, सनई वाजवणं आणि चोरी करणं या तिन्हींना एकच क्रियापद, त्यामुळे 'दार न चोरणारा' असाही अर्थ निघतो. पण तो काढायची टाप गावात कुणाची नव्हती. कारण हालुक कापीचालमाझ यांचं हार्डवेअरचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच होतं. खिळा म्हणा, बिजागरी म्हणा, नळाची तोटी म्हणा, प्रत्येकाला कधी ना कधी त्यांची पायरी चढावीच लागायची.

त्यांची धाकटी बहीण सबाहतबाई. गावच्या शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलं. लग्न केलं नाही. "जमलं नाही" असं लोक म्हणत, "उदाहरणात काहीतरी चूक होती, सोडून दिलं" असं त्या म्हणत. मी त्यांची विद्यार्थिनी, ग्युझिन. गणितात जेमतेम काठावर पास होत होत शेवटी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल झाले. म्हणून हे सगळं माझ्या टेबलासमोर घडलं.

२०१८च्या फेब्रुवारीत लोकांना सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या आपली वंशावळ बघायची सोय झाली. अख्ख्या देशाची इतकी झुंबड उडाली की काही दिवस ते पानच उघडेना. गावातले अर्धे लोक माझ्या वाचनालयातल्या एकुलत्या एका संगणकापुढे रांग लावून बसले. कुणाची पणजी क्रिमियाची निघाली, कुणाचा पणजोबा बल्गेरियातला. न्हाव्याच्या तर तीन पिढ्यांत तीन न्हावी निघाले आणि तो हिरमुसून घरी गेला.

सबाहतबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, सगळी पानं छापून घेतली आणि दुसऱ्या दिवशी तक्त्याचा मोठा कागद घेऊन हजर झाल्या. आडनावांचा कायदा झाला त्यानंतर, म्हणजे १९३६ साली, त्यांच्या आजोबांनी, इद्रिस यांनी, हे नाव घेतलं. तेव्हा घरात माणसं सात. सत्तर साली चौतीस. आता एकोणीस.

"म्हणजे उतरती भाजणी," बाई पेन्सिल कानावर खोचत म्हणाल्या. "मुली लग्न करून नवऱ्याचं नाव लावतात. हालुकला दोन मुली, दोघींची लग्नं झाली. मी अशी. अंकाराचे चुलत भाऊ आहेत, त्यांना एकेकच पोर. ग्युझिन, हा दर असाच राहिला तर साधारण २०८० साली शेवटचा कापीचालमाझ जाणार."

"बाई, तोवर आपण दोघी कुठे असणार?"

"आपण नसू. आकडा असेल ना!"

मला हसू आलं, पण त्यांना आलं नाही. कागदावरच्या त्या शेवटच्या शून्याकडे त्या बराच वेळ बघत होत्या.

मग त्यांनी अंकाराच्या एका कार्यालयाला रीतसर अर्ज केला की आमच्या आडनावाची देशात एकूण किती माणसं आहेत ते कळवावं. तीन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. नावंबिवं काही नाहीत, ती देत नाहीत म्हणे. फक्त एक आकडा. सेहेचाळीस.

बाईंनी तो कागद उलटा करून पाहिला. मग माझ्यापुढे धरला. "यांना बेरीज येत नाही की मला?"

"तुम्हाला येते, बाई. त्यावरून मी मार खाल्लाय."

"मग हे सत्तावीस लोक कोण?"

संध्याकाळी त्या हालुकदादांकडे गेल्या, मलाही ओढून नेलं. दादा दुकान बंद करत होते. ऐकून त्यांनी शटर अर्ध्यावरच सोडलं. "तोतये असतील," ते म्हणाले. "चांगलं नाव दिसलं, घेतलं उचलून."

"दादा, आडनाव काय दोरीवर वाळत घातलेलं असतं?"

"तू गप. आजोबांना प्रांतसाहेबांनी स्वतः सांगितलं होतं, 'इद्रिस, तू माझ्या कचेरीत दार न ठोठावता यायचं.' अख्ख्या तालुक्यात हा मान एकट्या आजोबांना. त्यावरून नाव पडलं. असा मान सत्तावीस जणांना वाटतात का? हा काय लग्नातला पुलाव आहे?"

ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेली. दादांनी ती सुंदर अक्षरात लिहून, चौकट करून गल्ल्यामागे लावली होती.  बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "तुझ्या ओळखीचे ग्रंथपाल किती?"

मी वेगवेगळ्या प्रांतांतल्या बारा वाचनालयांना पत्रं धाडली. जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या आम्ही लोक टाकत नाही, कोपऱ्यात रचून ठेवतो. अकरा ठिकाणांहून 'नाही' आलं. बारावं झोंगुलदाकचं. तिथल्या बाईंनी १९९४च्या डिरेक्टरीचं पान झेरॉक्स करून पाठवलं, त्यावर लाल शाईचा गोल. कापीचालमाझ, आर.

सबाहतबाईंनी माझ्याच टेबलावरून फोन लावला. स्पीकर चालू केला, कारण मी ऐकल्याशिवाय राहणार नाही हे त्यांना माहीत होतं.

"हॅलो!" पलीकडचा आवाज इतका मोठा की वाचनकक्षातले दोन म्हातारे पेपरातून वर बघायला लागले.

"कापीचालमाझ यांचं घर का?"

"हो! कोण बोलतंय?"

"कापीचालमाझ."

"बाई, ते मी आहे! तुम्ही कोण?"

"मी पण."

पलीकडे रिसीव्हर या कानावरून त्या कानावर गेल्याची खरखर. मग, "फातोश, तू आहेस का? आवाज काढतेस होय ग?"

"मी फातोश नाही. मी यनिजेबेलची सबाहत कापीचालमाझ, निवृत्त शिक्षिका. तुमच्या घरात एकूण माणसं किती?"

"जेवायला?"

"आडनावाची!"

तो माणूस हसायला लागला. चांगला खदखदून, खोकला येईपर्यंत हसला. मग त्यानं मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. मुलगे, सुना, पुतणे, नातवंडं. बाई कागदावर रेघा मारत होत्या. एकविसाव्याला तो थांबला. "आणि कालच्या रमझान ईदेला जुळी झाली. आणखी दोघे-चौघे राहिले असतील, पंचवीसच्या पुढे धरा. थांबा, मुलाला विचारतो."

सत्तावीस.

बाईंनी रिसीव्हर ठेवला आणि पर्समधला रुमाल काढला. मला वाटलं रडतायत. पण त्या चष्मा पुसत होत्या आणि ओठ दाबून हसत होत्या. "उत्तर बरोबर आलं, ग्युझिन," त्या म्हणाल्या. असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर वर्गात कधी पाहिला नव्हता.

रिफ्की कापीचालमाझ ऑक्टोबरात बसनं आले. सदुसष्ट वर्षांचे, रुंद खांद्यांचे, विधुर. कोळशाच्या खाणीत चौतीस वर्षं आगगाडीचं इंजिन चालवलं होतं. त्यात कान अर्धे गेलेले, म्हणून जग बहिरं आहे असं समजून बोलायचे. सोबत चेस्टनटच्या मधाच्या दोन बरण्या आणि हालुकदादांसाठी त्यांच्याकडच्या देवरेक गावची कोरीव काठी आणली होती. काठीच्या मुठीशी दोन साप.

दादांनी काठी उलटसुलट करून पाहिली. "मी अजून काठी टेकत नाही."

"मग साप मारा!" रिफ्की बे, म्हणजे रिफ्कीसाहेब, आनंदानं म्हणाले.

आम्ही दुकानाच्या मागच्या खोलीत बसलो. चहा आला, बाजारातून गरम एतली एकमेक आली, खिम्याची ती पातळ पोळी. दादांनी आधी जेवू दिलं, तेवढी माणुसकी त्यांच्यात होतीच. शेवटचा घास गिळल्यावर म्हणाले, "आता सांगा, हे नाव तुमच्याकडे आलं कुठून?"

"आजोबांकडून. हुर्शित. तेही इथलेच, कागदावर जन्मगाव यनिजेबेल आहे. लग्नानंतर खाणीवर गेले ते तिथेच राहिले."

"आणि अर्थ?"

रिफ्की बे सावरून बसले. आवाजही थोडा खाली आणला. "आमच्या आजोबांनी उपाशी दिवस काढले, पण कुणाचं दार ठोठावलं नाही. कधी हात पसरला नाही. कारकुनानं त्यांचं कौतुक म्हणून हे नाव दिलं. वडील आम्हाला मरेपर्यंत सांगायचे, नावाला जागा."

दादांचा चेहरा तांबडा झाला. "म्हणजे माझे आजोबा प्रांताच्या कचेरीत मानानं न ठोठावता जाणारे, आणि तुमचे उपाशी राहून न ठोठावणारे. एकाच गावात, एकाच वर्षी, एकाच कारकुनाला दोन वेळा हेच सुचलं? साहेब, कुणीतरी खोटं बोलतंय."

"बोलत असेल!" रिफ्की बे म्हणाले. "पण जो हुजूर हुजूर करत साहेबाच्या खोलीत घुसतो, त्यानं बोलण्याची शक्यता जास्त."

दादा उठले. खुर्ची पडली. सबाहतबाईंनी टेबलावर डस्टर आपटावं तसा हात आपटला. "खाली बसा! दोघंही!"

आणि दोघं बसले. सदुसष्ट वर्षांचे आणि एकाहत्तर वर्षांचे.

तेव्हा मला एम्सल आजी आठवल्या. ओढ्यापलीकडे एकट्या राहायच्या, नव्वद वर्षांच्या. त्यांचे वडील सातिल्मिश जुन्या कचेरीत शिपाई होते, चहा द्यायचे, शेगडी पेटवायचे. आडनावं वाटली गेली तेव्हाचं कुणाला काही माहीत असेल तर त्यांनाच. मी तसं म्हणाले. दादा लगेच टोपी घालून तयार झाले. सत्य आपल्याच बाजूचं निघणार याची दोघांनाही खात्री होती, म्हणून दोघंही अगदी भराभर चालले.

एम्सल आजी उन्हात वाळवलेली तुती निवडत बसल्या होत्या. आधी रिफ्की बेंना विहिरीवरून दोन बादल्या आणायला लावल्या, "मोठा गडी आलाच आहे तर." मग सगळ्यांना चटईवर बसवलं. सबाहतबाईंनी विचारलं, "आजी, माझे आजोबा इद्रिस आणि यांचे आजोबा हुर्शित, दोघांना एकच आडनाव कसं मिळालं, काही ठाऊक आहे?"

आजींचा तुती निवडणारा हात थांबला.

"हुर्शितचा कोण?"

"मी!" रिफ्की बे ओरडले.

"ओरडू नकोस, बहिरी नाही मी. नाक तसंच आहे." त्यांनी एकदा दादांकडे पाहिलं, एकदा रिफ्की बेंकडे. "दोघं एकत्र आलात म्हणजे. त्यांना तर एका रस्त्यानं चालणं जमत नसे."

मग त्यांनी सांगितलं. मध्ये मध्ये थांबून, पण एकाही ठिकाणी अडखळल्या नाहीत.

ती छत्तीस सालच्या जानेवारीतली गोष्ट. इद्रिस वरच्या वाडीचे, हुर्शित खालच्या वाडीचे. गिरणीच्या पाण्यावरून त्यांचं सात वर्षं भांडण. आडनाव नोंदवायला दोघं योगायोगानं एकाच सकाळी कचेरीत आले, आणि बघतात तर कचेरीला दारच नाही. रंग द्यायला म्हणून आदल्या दिवशी उतरवून अंगणात टेकून ठेवलेलं अक्रोडाचं दार रात्रीत नाहीसं झालेलं. आत बर्फ उडतोय, कारकून घोंगडीत गुरफटून बसलाय.

"इद्रिस म्हणाला, यानंच नेलं, यानं आमच्या गिरणीची फळी पण नेली होती. हुर्शित म्हणाला, मी नाही, हाच चोर. हमरीतुमरीवर आले. कारकून थट्टेखोर होता. म्हणाला, कुराणाची शपथ घ्या. दोघांनी घेतली, 'मी दार चोरत नाही, मी दार चोरत नाही.' तो म्हणाला, झालं, दोघांचंही आडनाव मिळालं. लिहिलं आणि शिक्का मारला. दोन वैऱ्यांना एक नाव! गाव आठवडाभर हसलं. पुढं लोक त्यांना भाऊ भाऊ म्हणून चिडवायला लागले, तेव्हा हुर्शित उठून खाणीवर गेला."

  मी हालुकदादांकडे बघायचं टाळलं. गल्ल्यामागची ती चौकट माझ्या डोळ्यांसमोर आली आणि मला त्यांची फार दया आली.

सबाहतबाईंनीच विचारलं. "आणि दार, आजी? ते कुणी नेलं?"

आजींनी तुतीचं सूप बाजूला सारलं. "उठा," त्या म्हणाल्या. "आत या."

घराच्या मागच्या अंगाला सरपणाची खोली होती. तिला दार होतं. जाड, काळपट, खाली थोडं कुजलेलं, पण वरती कोरीव वेल आणि पितळी कडी. एवढ्याशा खोलीला ते दार म्हणजे पोराला बापाचा कोट.

"आधी पुढं होतं," आजी म्हणाल्या. "त्या हिवाळ्यात आमच्या घराला दार नव्हतं, गोधडी टांगलेली. आणि माझा भाऊ चार दिवसांचा. बाबांनी एका रात्रीसाठी आणलं, बर्फ थांबला की परत नेऊन ठेवू म्हणून. सकाळी हा गोंधळ. बाबा चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभे होते, शपथा ऐकत. मग कारकून त्यांच्याकडे वळला. 'सातिल्मिश, तुला काय देऊ? अकरा वर्षं इथं आहेस, चमचासुद्धा हरवला नाही.' आणि लिहिलं, दोरू."

दोरू म्हणजे सरळ, प्रामाणिक.

रिफ्की बेंना हसू फुटलं होतं, ते त्यांनी खोकल्यात बुडवलं. कारण आजींच्या हनुवटीला कंप सुटला होता.

"बाबा आपलं नाव सांगताना नेहमी घसा खाकरायचे. मरताना म्हणाले, एम्सल, दार परत दे आणि त्या दोघांकडून हलाल करून घे, मनापासून माफ केलं असं म्हणवून घे. मी कुणाला सांगू? लाज वाटायची. बावन्न वर्षं झाली. आता तुम्ही दोघं त्यांचे नातू. तुम्हीच हलाल करा, आणि हे घेऊन जा. माझ्याच्यानं उचलत नाही."

"हलाल केलं, आजी," रिफ्की बे लगेच म्हणाले. "आमच्या आजोबांच्या वाटणीचं सगळं हलाल."

 दादा दारापाशी गेले. बिजागऱ्या बोटांनी चाचपल्या, कडी उचलून पाहिली. आयुष्यभर त्याच धंद्यात गेलेली बोटं. "वीस स्क्रू आहेत," ते म्हणाले. "उद्या पेचकस आणतो." आणि मग, वळून न बघता, "हलाल केलं."

दुसरा दिवस मंगळवार, बाजाराचा. दार उतरवायला तासच लागला, पण ते इतकं जड की दर पन्नास पावलांवर टेकवावं लागे. पुढून दादा, मागून रिफ्की बे, मध्ये एका बाजूनं बाई आणि दुसरीकडून मी. लसूणवाले, चीजवाले, भांडीवाले, सगळ्यांनी आम्हाला भर बाजारातून जाताना पाहिलं.

"हालुकदादा, दार कुठं चाललं?"

"कचेरीत."

"आणि हे पाहुणे कोण?"

"हेही कापीचालमाझ!" रिफ्की बेंनी अख्ख्या बाजाराला सांगितलं.

कचेरीत नवीन लागलेला तरुण अधिकारी होता, नीट इस्त्रीचा शर्ट. आम्ही दार भिंतीला टेकवलं. त्यानं फॉर्म काढला.

"वस्तू?"

"दार," सबाहतबाई म्हणाल्या.

"कुठून आणलं?"

"इथूनच गेलं होतं."

"कधी?"

"छत्तीस साली. जानेवारीत."

त्यानं पेन खाली ठेवलं. "कुणी नेलं?"

आम्ही चौघं एकमेकांकडे बघायला लागलो. आजींनी काल आम्ही निघताना फक्त एकच मागितलं होतं, बाबांचं नाव कुठं लिहू नका. बाईंनी तोंड उघडलं, पण त्याआधीच दादा म्हणाले, "लिहा, आम्ही नेलं."

"आम्ही म्हणजे? आडनाव?"

"कापीचालमाझ," हालुकदादा म्हणाले. मान ताठ, आवाज खणखणीत.

"मी पण तोच!" मागून रिफ्की बे.

अधिकाऱ्यानं दाराकडे पाहिलं, मग दादांकडे, मग पुन्हा दाराकडे. "काका," तो हळूच म्हणाला, "तुम्ही माझी चेष्टा करताय का?"

दारात गर्दी जमली होती. कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसले. एकाहत्तर वर्षं ज्या अर्थाचा उच्चार कुणी दादांसमोर केला नव्हता, तो अर्थ स्वतः दादांनीच भर कचेरीत उभा केला होता, तोही उलटा. मला वाटलं आता ते कुणाच्या तरी अंगावर धावून जातील. पण त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या आणि तेही हसले.

दार मात्र कचेरीनं घेतलं नाही. अधिकाऱ्यानं जुन्या याद्या काढून पाहिल्या, वरच्या साहेबांना विचारून आला. "अशा दाराची नोंदच नाही. नोंद नाही म्हणजे ते हरवलेलंही नाही. हरवलंच नाही ते मी परत कसं घेऊ?" मग त्याला स्वतःलाच वाईट वाटलं असावं. "वाचनालयाला द्या ना. तेही सरकारीच."

माझ्या वाचनालयात बालविभागाला दार नव्हतं, पडदा होता. दादांनी दुकानातून नव्या बिजागऱ्या आणल्या, कुजलेला तळ कापून नवी फळी जोडली. रिफ्की बे दोन दिवसांसाठी आले होते ते आठ दिवस राहिले. दोघं दिवसभर वाद घालत. कडी डावीकडे की उजवीकडे, पॉलिश एक हात की दोन. त्यांचे आजोबा कसे भांडत असतील याची चांगली कल्पना आली.

शनिवारी एम्सल आजींना आणलं. बरीच माणसं जमली होती. दादांनी चोरी आपल्या अंगावर घेतली हे त्यांच्या कानावर कुणी घातलं देव जाणे, पण आल्या त्या तणतणतच.

"हालुक! माझ्या बापाची चोरी तू कशाला घेतलीस?"

"आजी, तुम्हीच म्हणालात नाव नको..."

"लिहू नका म्हणाले. दुसऱ्याचं लिहा असं म्हणाले का? चोरी आमची आहे!" मग त्या जमलेल्या लोकांकडे वळल्या, घसा खाकरला आणि मोठ्यानं सांगितलं, "हे दार माझ्या बाबांनी नेलं. सातिल्मिश दोरू यांनी. घरात तान्हं पोर होतं. ज्याला हलाल करायचं नसेल त्यानं आत्ता बोलावं."

कोण बोलणार? न्हाव्यानं सगळ्यांच्या आधी "हलाल" म्हटलं, मग एकेक करून सगळ्यांनी. आजींनी दारावर तळहात ठेवला, वरच्या वेलीपर्यंत पोचतो का पाहिलं, नाही पोचला. "इथं उजेड आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे बिचारं अंधारात होतं." मग मुलांना वाटायला आणलेली तुती त्यांनी स्वतःच खायला सुरुवात केली.

गल्ल्यामागची चौकट दादांनी काढली. तिथं काय लावायचं हे अजून ठरलेलं नाही, सध्या एक कॅलेंडर आहे. रिफ्की बे दर महिन्याला येतात. "इथला डॉक्टर चांगला आहे," म्हणतात, जसं काही झोंगुलदाकला डॉक्टर नाहीत. दुपारभर दुकानात सोंगट्यांचा डाव चालतो आणि गिऱ्हाईकाला आपला खिळा आपणच शोधावा लागतो.

पुढच्या उन्हाळ्यात रिफ्की बेंच्या मोठ्या नातीचं लग्न निघालं. यनिजेबेलचे सगळे कापीचालमाझ मिनीबस करून गेले, अंकाराचे चुलत भाऊ थेट तिथे आले. मलाही नेलं, कारण दाराचं चौथं टोक मी धरलं होतं. समुद्राकाठच्या हॉलमध्ये ढोल आणि सनई. अगदी तान्ही असताना आपण मोजली गेलो हे ज्यांना ठाऊक नाही ती जुळी आता रांगत टेबलाखाली फिरत होती. जेवणानंतर सही झाली, नवरीनं नवऱ्याचं आडनाव घेतलं.

मी सबाहतबाईंच्या कानात म्हणाले, "बाई, पंचेचाळीस."

"कळतंय मला," त्या म्हणाल्या. "पण बघ, किती छान दिसतेय."

मग रिफ्की बेंनी लांबून हात केला. बाईंनी बूट काढले, माझ्या मांडीवर ठेवले आणि चौसष्टाव्या वर्षी रांगेत जाऊन नाचायला उभ्या राहिल्या. पावलं चुकत होती. त्या मोठ्यानं मोजत होत्या, एक दोन तीन, एक दोन तीन, आणि शेजारची झोंगुलदाकची पोरं त्यांच्याबरोबर ओरडून मोजत होती.

परतीच्या प्रवासात पहाटे मिनीबसमध्ये सगळे झोपले होते. हालुकदादांचं डोकं खिडकीला टेकलं होतं, मांडीवर मधाची बरणी आणि दोन गुडघ्यांमध्ये ती सापांची काठी.